चेंडू मला दिसतच नाही

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा सामना अर्ध्यावर टाकून मी उठलो, याचा तुला राग आलाय, हे फोनवरच्या तुझ्या कोरड्या ‘बरं’वरून कळलं. पण उठलो नसतो, तर तिथेच घोरलो असतो गं.

मुळात मला चेंडूच दिसत नाही. गोलंदाज लांबून धावत येतो, हात फिरतो आणि मी चष्मा सारखा करेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. मग पुन्हा ग्लोव्ह्ज घट्ट करणं, क्षेत्ररक्षक दोन पावलं सरकवणं. क्षणभराचा खेळ आणि मग नुसती वाट बघणं.

पायचीत, म्हणजे चेंडू पायाला लागून बाद होणं, हे तर तू कागदावर चित्र काढून समजावलंस. चेंडू यष्ट्यांवर जाणार असला, तरी लेगस्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर नाबाद. ऑफस्टंपच्या बाहेर पॅडला लागला आणि फलंदाज फटका मारायला गेला होता, तर नाबाद. बॅट नुसती वर धरून उभा राहिला असेल, तर मात्र बाद होऊ शकतो. म्हणजे पंचाने त्याच्या मनातलंही ओळखायचं! तेव्हा मी मान डोलावली, कळलं काहीच नव्हतं. आत्ताही तो कागद समोर ठेवूनच लिहितोय.

आपले गोलंदाज बापू नाडकर्णी यांचं मात्र लक्षात राहिलं. 1964, मद्रास, ओळीने 21 निर्धाव षटकं. एकूण 32 षटकांत 5 धावा, बळी एकही नाही. “मग झालं काय?” मी विचारलं. “काहीच झालं नाही बाबा, तेच तर!” तू जवळजवळ ओरडलीस. मी तिथे असतो, तर तिसऱ्या षटकालाच घरी निघालो असतो. आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनला झालेली ती 1939 ची कसोटी! 3 मार्चला सुरू झाली, 14 मार्चलाही निकाल नाही. इंग्लंडला फक्त 42 धावा हव्या होत्या, पण घरी जायची बोट चुकेल म्हणून सामना तसाच सोडून मंडळी निघाली. त्यांच्याशी माझं जमलं असतं.

गंमत म्हणजे, या दोन्ही गोष्टी मी तुझ्याकडून पुन्हा ऐकेन. बहुधा तू मधलं वाट बघणं गाळून सांगतेस म्हणून. (तीच तर खरी मजा, असं म्हणशील. असेल बापडी.)

तेव्हा पुढच्या वेळी माझं तिकीट काढू नकोस. रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी. फक्त कुणी पायचीत झालं असेल, तर ‘आउट झाला’ एवढंच सांग.

तुझा,
बाबा