‘समन्वयाचा अभाव’ म्हणजे नक्की कोणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या स्टँड ते मार्केट यार्ड रस्त्याची बातमी आली होती. वर्षात तिसऱ्यांदा उकरलेला रस्ता, फोटोत चिखलात रुतलेली रिक्षा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘विविध विभागांतील समन्वयाच्या अभावामुळे नागरिक त्रस्त.’ हे वाक्य मी कळायला लागल्यापासून वाचतोय. घरातलं मीठ संपलं तर आणायचं कोण विसरलं, ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. समन्वय आणायचं काम कोणाकडे होतं, हे मात्र बातमीत कधीच नसतं. त्यासाठी हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायची तर लावा, पण ब्रासची, म्हणजे बेअरिंगच्या वाट्यांची, गोष्ट तेवढी ठेवा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ३४ वर्षं नोकरी केली. मिल फिटर म्हणून लागलो, मिल फोरमन म्हणून निवृत्त झालो. साखर कारखाना म्हटलं की लोकांना गळीत हंगाम आठवतो, नाहीतर निवडणूक. आमची खरी परीक्षा पावसाळ्यात असायची. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मिल हाऊस सगळं उघडायचं. ऊस पिळणारे रोलर उचलून बाहेर काढायचे, झिजलेली कवचं बदलायला वर्कशॉपला धाडायचे. बॉयलरच्या नळ्या तपासायच्या, क्वाडच्या, म्हणजे रस आटवायच्या भांड्यांच्या, हजारो नळ्या आतून घासायच्या, ऊस मिलपर्यंत नेणाऱ्या केन कॅरियरच्या साखळ्या सोडवायच्या, पंप खोलायचे, मोटारी भाजायला पाठवायच्या. बॉयलरला सरकारी निरीक्षकाचा दाखला लागतो आणि तो जास्तीत जास्त बारा महिन्यांचा असतो. म्हणजे दरवर्षी तपासणी, दरवर्षी पाण्याचा दाब देऊन चाचणी. ती झाल्याशिवाय दसऱ्याला बॉयलर पेटत नाही, आणि बॉयलर पेटल्याशिवाय मोळी, म्हणजे हंगामाचा पहिला ऊस, पडत नाही.

तारीख आमच्या हातात नव्हती. हंगाम कधी सुरू करायचा ते मुंबईत मंत्री समिती ठरवते, आणि ऊस काही मंत्र्यांचीही वाट बघत नाही. तो पिकला की पिकला.

आमचे चीफ इंजिनियर अबोल माणूस. मिल हाऊसच्या दारात त्यांनी शाळेतला असतो तसला काळा फळा लावला होता. त्यावर चार रकाने: काम, कोण, कधी, कशावाचून अडलं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सगळे त्या फळ्यासमोर उभे. मिल, बॉयलर, इलेक्ट्रिक, प्रोसेस, मशीन शॉप, सिव्हिल आणि स्टोअरकीपर. स्टोअरकीपर आला नाही तर कोणीतरी जाऊन त्याला घेऊन यायचं, कारण चौथ्या रकान्यातलं निम्मं त्याच्याच गोदामात असायचं. बैठक वीस मिनिटांच्या वर कधी गेली नाही. बसायला खुर्च्याच नव्हत्या.

दुसऱ्या रकान्यात एकच नाव. सुरुवातीला मला ते पटायचं नाही. रोलर बसवायला दहा माणसं लागतात, मग एकट्याचंच नाव का? एकदा मी दोन नावं लिहिली. साहेबांनी फडक्याने एक पुसलं आणि म्हणाले, “दोन घरचा पाहुणा उपाशी.” पुढं कधी लिहिली नाहीत.

चौथ्या रकान्याचं सांगतो. त्यात नुसतं ‘मटेरियल नाही’ लिहिलेलं चालायचं नाही. कुठलं मटेरियल, किती, कोणाकडून यायचंय, त्याला शेवटचा फोन कोणी आणि कधी केला, एवढं सांगायला लागायचं. त्यामुळं आदल्या दिवशी दुपारीच फोन व्हायचे. सकाळी फळ्यापुढं सगळ्यांच्या देखत ‘अजून केला नाही’ म्हणायची वेळ कोणाला नको असायची.

आता ब्रासची गोष्ट. १९९० च्या दशकातली. तिसऱ्या मिलचा टॉप रोलर वर्कशॉपला गेला होता. तिथं त्यांना जर्नलवर, म्हणजे शाफ्टचा जो भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्यावर, चरे दिसले. त्यांनी लेथवर तीन मिलिमीटर उतरवलं आणि संध्याकाळी कारखान्याला फोन केला. फोन घेतला स्टोअरमधल्या एका कारकुनाने. त्याने निरोप गेटपासच्या पाठीवर लिहिला: ‘३ नं. रोलर झाला, जर्नल साफ केलं.’ साफ केलं! त्याची तरी काय चूक? समोरचा म्हणाला होता ‘साफ करून घेतलंय’, यानं तेच लिहिलं. चिठ्ठी माझ्याकडे आली. मी वाचली आणि खिशात घातली. आमच्या मशीन शॉपमध्ये त्याच रोलरचे गनमेटलचे ब्रास जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बोअर होत होते.

सकाळी साहेबांनी विचारलं, “तिसऱ्या मिलचे ब्रास?”

मी म्हणालो, “झालंच समजा, साहेब.”

दसऱ्याला सहा दिवस होते तेव्हा रोलर आला. रात्री साडेअकराला बसवला. ब्रास आणि जर्नल यांच्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. मी हॅकसॉचं पातं आत सारलं, ते सुळकन गेलं. दुसरं पातं त्याच्यावर ठेवून सारलं, तेही गेलं. तिथं असलेल्या सहा जणांपैकी कोणी काही बोललं नाही. क्रेनवाल्याने वरून विचारलं, “सोडू का?” त्यालाही कोणी उत्तर दिलं नाही.

नवे ब्रास ओतून, बोअर करून, घासून बसवायला नऊ दिवस गेले. बॉयलर मुहूर्ताला पेटला, फोटोही निघाले, पण मोळी लांबली. तोवर बीडकडच्या तोडणीच्या टोळ्या येऊन उतरल्या होत्या. बायका-पोरांसकट गाडीतळावर माणसं बसून. बैलांना वैरण विकत, आणि मजुरी तर कोयता चालला तरच. आमचा कारखाना दिवसाला ५,००० टन गाळणारा, म्हणजे तासाला दोनशे टनांवर ऊस. अकरा टक्के उतारा, म्हणजे शंभर टन उसाला अकरा टन साखर, धरला तर तासाला तेवीस टन साखर. हा हिशेब मला तोंडपाठ होता. पण गाडीतळावर तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बाईकडे बघून, आपण नऊ दिवस कसले मोजतोय, ते मला त्या वर्षीच कळलं.

साहेब ओरडले नाहीत. माझ्या हातात खडू दिला आणि फळ्यावर पाचवा रकाना आखायला लावला: ‘कोणाला सांगितलं’. त्या दिवसापासून मिल हाऊसमध्ये तीन शब्दप्रयोग बंद झाले. ‘झालंच समजा’, ‘होऊन जाईल’ आणि ‘बघतो’. झालं असेल तर झालं म्हणा. नसेल तर किती उरलं ते सांगा, आकड्यात. आणि माप कमी-जास्त झालं असेल तर ते बदलणाऱ्याने वापरणाऱ्याला समोर उभं राहून सांगायचं, त्याने ते उलटून म्हणून दाखवायचं. ‘जर्नल तीन मिलिमीटर कमी.’ ‘जर्नल तीन मिलिमीटर कमी, कळलं.’ सुरुवातीला पोरं हसायची. शाळा आहे का म्हणायची.

हंगामात तर याहून कडक. पहाटे चारला पाळी बदलायची. जाणाऱ्याने लॉगबुक लिहायचं, येणाऱ्याने पंधरा मिनिटं आधी यायचं आणि दोघांनी मिळून मिलभर फिरायचं. जिथं बेअरिंग गरम वाटतंय तिथं दोघांनी तळहात ठेवून बघायचं, एकाने नाही. कारण माझं ‘कोमट’ आणि तुमचं ‘गरम’ वहीत सारखं उमटत नाही. मग दोघांची सही. मिल बंद पडली, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी पहिला फोन कारखान्याच्या शेती खात्याला. चार तास मिल उभी राहणार हे फडावर कळलं नाही, तर तिकडे टोळी ऊस तोडतच राहते. तोडलेला ऊस वाळतो, वजन शेतकऱ्याचं जातं, उतारा कारखान्याचा. वाईट बातमी सांगायला कोणालाच आवडत नाही, पण आमच्याकडे ती तासाभरात सांगितली तर माफ होती. दुसऱ्या दिवशी कळली तर मेमो.

माझी पुतणी हिंजवडीला एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दिवाळीत तिला हे सगळं सांगत होतो, तर ती म्हणाली, “काका, ही आमची डेली स्टँडअप आणि हा आमचा बोर्ड. तुम्ही फुकटात करत होता, आम्हाला त्याचं ट्रेनिंग देतात.” तिने लॅपटॉपवर गँट चार्ट दाखवला. आडव्या पट्ट्या, कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार. शंभरेक वर्षांपूर्वीच्या हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनियरचं नाव त्याला आहे, हे तिच्याकडूनच कळलं. मग तिने ‘क्रिटिकल पाथ’ समजावला. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत ती रीत बसवली गेली, आणि पुढं कारखाना बंद ठेवून करायच्या देखभालीलाही वापरली. म्हणजे आमचं ऑफ सिझनच की! त्यात मेख एवढीच की सगळी कामं सारख्या घाईची नसतात. आमच्याकडे पत्र्यांचं रंगकाम आठ दिवस लांबलं तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. रोलर एक दिवस लांबला की मोळी एक दिवस लांबली. ज्या साखळीत एकही दिवस शिल्लक नाही ती कुठली, हे आधी शोधायचं आणि चांगली माणसं तिथं लावायची. आमच्या साहेबांनी हे कुठं वाचलं होतं की नाही, विचारायचं राहून गेलं. त्यांच्या फळ्यावर तसल्या कामांपुढं लाल खडूची फुली असायची.

आता आपला रस्ता. खात्यांची नावं घेत नाही. सगळी माणसं ओळखीची आहेत आणि त्यातला एकही कामचुकार नाही. जानेवारीत काँक्रीट पडलं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, हे गवंड्याच्या पोरालाही माहीत असतं. इथं गोणपाटं अंथरून पाणी मारणं चालू होतं तोवरच, अठराव्या दिवशी, पाण्याच्या लाइनवाल्यांनी ब्रेकर लावला. त्यांची वर्क ऑर्डर रस्त्याच्या आधीची होती! पाइप यायला उशीर झाला होता, एवढंच. तो उशीर त्यांनी कोणाला सांगितला? मी जाऊन विचारलं. “ग्रुपवर टाकलं होतं.”

तो ग्रुप मला एकाने मोबाइलवर दाखवला. ६४ जण. शुभ सकाळची फुलं, एका साहेबांच्या वाढदिवसाचा केक, आणि त्यामध्येच पाइपलाइनच्या नकाशाची पीडीएफ. खाली अकरा अंगठे. मी त्यातल्या तिघांना गाठून विचारलं, तुमच्या अंगठ्याचा अर्थ काय? एक म्हणाला, बघितलं. दुसरा म्हणाला, आमची हरकत नाही. तिसरा म्हणाला, सगळ्यांनी दिला म्हणून दिला. फाइल उघडली होती का, तर तिघांपैकी एकानेही नाही. गेटपासवरची चिठ्ठी खिशात घालणारा मी, मला त्यांना नावं ठेवायचा अधिकार नाही. पण माझी चिठ्ठी निदान एकाच खिशात होती.

पुढं मार्चमध्ये केबलवाले आले. त्यांनी पाण्याच्या नव्या लाइनलाच छिद्र पाडलं, कारण नव्या लाइनची खोली त्यांच्याकडच्या नकाशात नव्हती. आता गॅसची लाइन येणार अशी कुणकुण आहे. खरं-खोटं सांगेल असा माणूस मला अजून सापडलेला नाही.

आपल्या बातमीदाराला माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘समन्वयाचा अभाव’ लिहायच्या आधी त्यांनी चार प्रश्न विचारावेत. या रस्त्याखाली जे जे जायचं आहे, त्याची यादी एका कागदावर कोणाकडे आहे? त्या सगळ्याची मिळून तारीख पाळायची जबाबदारी कोणा एकाची आहे? त्याचं नाव काय? आणि ठेकेदार, पाणी, वीज, केबल, गॅस ही मंडळी रस्त्यावर एकत्र शेवटची कधी उभी राहिली? उत्तर ‘कोणीच नाही’ आणि ‘कधीच नाही’ असं आलं तर तेच छापावं. आणि नगरपालिकेने चौकात फळा लावायचा ठरवलाच, तर आमच्या जुन्या फळ्यासारखा मी घरी करून घेतलेला एक पडून आहे, घेऊन जावा. सोमवारी सकाळी दहा मिनिटं उभं राहायलाही मी येईन, बोलवलं तर.

जाता जाता एक. परवा खड्डा बुजवताना पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह मुरमाखाली गेला. चेंबर बांधायचं राहिलंय आणि मोजमाप कोणी घेतलं नाही. मी टेप लावून घेतलं. माझ्या कंपाउंडच्या भिंतीपासून सात फूट चार इंच, खोली तीन फूट दोन इंच. भिंतीवरच लिहून ठेवलंय, पण खडूने. पाऊस पडायच्या आत कोणीतरी येऊन वहीत उतरवून घ्यावं. सकाळी मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त मिल फोरमन,
जि. सांगली