काका, त्या एका चांदणीसाठी

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणता आणि विषय बदलता. दोनदा असं झालं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे मला कुणी मधेच थांबवणार नाही.

माझा लघुप्रबंध गेल्या महिन्यात मान्य झाला. कोसोवो हा सर्बियाचा भाग की स्वतंत्र देश, या दर्जाबद्दलच्या वाटाघाटी, १९९९ ते २०१३. इंदूरला रामबागेत बसून बाल्कनमधल्या त्या चिमुकल्या प्रदेशावर कशाला लिहितेस, असं घरीदारी सगळ्यांनी विचारून झालं होतं. तुम्ही तेवढं विचारलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतातून जे पोलीस गेले, त्यांत तुम्ही होतात, हे इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. काकू आईशी बोलता बोलता सहज म्हणाल्या, म्हणून मी माझा पहिला मसुदा घेऊन तुमच्या दारात आले.

तुम्ही पहिल्याच वाक्याला थांबलात. मी लिहिलं होतं, "१७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोवोला स्वातंत्र्य मिळालं." 'मिळालं'खाली पेन्सिलीची रेघ मारून तुम्ही विचारलंत, "कोणी दिलं गं?" मला उत्तर देता येईना. सुरक्षा परिषदेनं दिलं नव्हतं, सर्बियानं तर नाहीच. कोसोवोची राजधानी प्रिश्टिना, तिथल्या विधानसभेनं ते जाहीर केलं. अमेरिकेनं मानलं, रशियानं नाही. आपल्या भारतानंही अजून मानलेलं नाही. युरोपीय संघातले स्पेन, ग्रीस, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रसही मानत नाहीत. एवढं सगळं मी एका क्रियापदात गिळून टाकलं होतं.

मग मे महिन्याच्या चार दुपारी आपण फक्त ठराव क्रमांक १२४४ वाचला. नाटोचे ७८ दिवसांचे हवाई हल्ले थांबल्यावर, १० जून १९९९ रोजी, सुरक्षा परिषदेनं तो केला. चौदा मतं बाजूने, चीन तटस्थ. मी तो आधी अर्ध्या तासात वाचून बाजूला ठेवला होता. तुम्ही म्हणालात, "सही करणारे थकलेले असतात, म्हणून जे ठरत नाही ते शब्दांत दडवून ठेवतात. ते शोध." प्रास्ताविकात युगोस्लाव्हियाचं (सर्बिया तेव्हा त्याचाच भाग) सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता पुन्हा मान्य केलेली. पुढे कोसोवोला 'भरीव स्वायत्तता', आणि भविष्यातला दर्जा ठरवताना फ्रान्समधल्या रांबुये इथल्या आधीच्या बोलण्यांतला मसुदा लक्षात घ्यायचा. तो मसुदा काढून बघितला, तर त्यात तीन वर्षांनी अंतिम तोडगा काढताना आधार म्हणून 'जनतेची इच्छा' हे शब्द! बेलग्रेड, म्हणजे सर्बियाचं सरकार, प्रास्ताविकावर बोट ठेवणार, प्रिश्टिना जनतेच्या इच्छेवर, आणि दोघांच्याही हातात कागद एकच. पुढच्या चौदा वर्षांची भांडणं त्या पानांत आधीच लिहिलेली होती. ते दिसलं त्या दुपारी मला विषय खऱ्या अर्थानं कळला.

तुम्ही तेव्हाच जावऱ्याची गोष्ट सांगितलीत. महिदपूरच्या लढाईनंतर, जानेवारी १८१८मध्ये, होळकरांनी इंग्रजांशी मंदसौरचा तह केला. इंदुरात रेसिडेन्सी आली ती त्यातून, हे आम्हाला शाळेपासून पाठ. पण त्या तहातल्या बाराव्या कलमानं होळकरांचा सरदार गफूर खान याची जहागीर पक्की केली आणि होळकरांच्या मुलखातून जावरा हे वेगळं संस्थान उभं राहिलं, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. एका कलमाच्या आधारावर राज्य उभं राहतं, हे मला रतलामच्या रस्त्यावरचं गाव दाखवून समजावणारं दुसरं कोण भेटलं असतं?

संयुक्त राष्ट्रांचे दूत मार्टी आहतिसारी यांच्यावरचं माझं प्रकरणही तुमच्यामुळेच सावरलं. २००६मध्ये व्हिएन्नात त्यांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं आणि २००७च्या मार्चमध्ये प्रस्ताव सुरक्षा परिषदेपुढे आला. त्या लांबलचक आराखड्यात 'स्वातंत्र्य' हा शब्दच नाही. तो आहे सोबतच्या अहवालात: देखरेखीखालचं स्वातंत्र्य. मी दोन्ही कागद एकच समजून बसले होते. रशियाच्या नकाराधिकाराच्या धाकानं तो प्रस्ताव अडला. त्यानंतर अमेरिका, रशिया आणि युरोपीय संघ यांच्या तीन दूतांनी चार महिने खटपट केली, तीही १० डिसेंबर २००७ला निष्फळ संपली.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाबद्दल तर मी चक्क चूक लिहिलं होतं. "न्यायालयानं कोसोवोला मान्यता दिली" असं. तुम्ही रागावला नाहीत. "प्रश्न काय विचारला होता ते आधी वाच," एवढंच म्हणालात. सर्बियानं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमार्फत विचारलं होतं, की ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे का. २२ जुलै २०१० रोजी दहा विरुद्ध चार मतांनी उत्तर आलं: घोषणेनं कायद्याचा भंग झाला नाही. कोसोवो राष्ट्र आहे की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं, न्यायालयानंही सांगितलं नाही.

आणि ती चांदणी! २०१२च्या फेब्रुवारीत दोन्ही बाजू एका गोष्टीवर राजी झाल्या, की प्रादेशिक बैठकांत 'कोसोवो' या नावावर चांदणी काढायची आणि खाली तळटीप द्यायची: या नावानं दर्जाबाबतच्या कुणाच्याही भूमिकेला बाध येत नाही, ते ठराव १२४४ आणि न्यायालयाच्या मताला धरून आहे. मला ती पळवाट वाटली होती. तुम्ही म्हणालात, "त्या चांदणीमुळे दोघं एका टेबलाशी बसले ना?" पुढच्याच वर्षी, १९ एप्रिल २०१३ला, ब्रसेल्सचा पंधरा कलमी करार झाला. अनेक वर्षं मोनॅको आणि स्लोव्हेनियाच्या क्रमांकांवर मोबाइल चालवणाऱ्या त्या लोकांना पुढे ३८३ हा स्वतःचा दूरध्वनी संकेतांक मिळाला, तोही याच बोलण्यांतून. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण आता त्या चांदणीवर आहे.

पण काका, कागदापेक्षा जास्त मला तुमच्या मित्रोवित्साच्या, कोसोवोतल्या त्या दुभंगलेल्या शहराच्या, आठवणींनी दिलं. थंडीतल्या वीज नसलेल्या रात्री. एका भाषेतलं गावाचं नाव काळ्या रंगानं खोडलेल्या पाट्या. इबार नदीवरचा पूल, काठांवर दोन वेगळी जगं. उत्तरेकडची घरं सोडून आलेली अल्बेनियन आजी आणि दक्षिणेकडची सोडून आलेली सर्ब आजी, दोघी वेगवेगळ्या दिवशी तुमच्या चौकीवर आल्या आणि दोघींनी दुभाष्यामार्फत एकच विचारलं: माझं घर बघायला कधी जाता येईल? हे सांगताना तुम्ही गप्प झालात, काकू आत निघून गेल्या. "कोण बरोबर?" हा माझा प्रश्न त्या संध्याकाळी मी वहीतून खोडला. प्रबंधात प्रत्येक गाव सर्ब आणि अल्बेनियन अशा दोन्ही नावांनी लिहिलं, पेच आणि पेया, उरोशेवात्स आणि फेरिझाय. पानं वाढली, टंकलेखनाचा खर्च वाढला. परीक्षकांनी कारण विचारलं तेव्हा मी तुमच्या पाट्यांबद्दल सांगितलं.

तुमच्या त्या जुन्या नकाशाच्या घड्या आता फाटायला आल्या आहेत. मी मागून कापड चिकटवून घेतलं आहे, रविवारी परत आणते. २०२३च्या मार्चमध्ये उत्तर मॅसेडोनियातल्या ओह्रिडला सर्बिया आणि कोसोवो यांच्यात जे ठरलं त्यावर कुणाचीच सही नाही. मग त्याला करार म्हणायचं का, यावरचं आपलं बोलणं अर्धंच राहिलं आहे. काकूंना सांगा, पोहे करू नका, येताना मीच घेऊन येते.

तुमची,
शेजारची मुलगी