एफएक्यूमधला 'फेअर' मराठीत सांगा

महोदय,

हमीभाव केंद्रावर सोयाबीन घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या कानावर एक शब्द हमखास पडतो : एफएक्यू. 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी'ची ही आद्याक्षरे. पण आपल्याकडे फेअर म्हटले की लग्नाच्या बायोडाटातला गोरा रंग आठवतो, नाहीतर पोरांची फेअर वही. कृषी प्रदर्शनाच्या फलकावरचा 'अ‍ॅग्रो फेअर' तर जत्रेचा. स्पेलिंग तेच, मूळ मात्र लॅटिनमधल्या सणाच्या शब्दाचे. गोऱ्या रंगाच्या फेअरचा जुना अर्थ सुंदर. न्याय्य हा अर्थ त्यातूनच पुढे आला.

केंद्रावरचा फेअर यांपैकी कोणताच नाही. तिथे त्याचा अर्थ 'बऱ्यापैकी'. माल सर्वसाधारण, बऱ्यापैकी असला की पुरे. एक नंबरचाच हवा असे त्यात कुठेही नाही. हे ठाऊक नसल्याने शेतकऱ्याचे नुकसान होते. मागच्या हंगामात आमच्या गावातल्या एकाचा माल ग्रेडरने तळहातावर घेतला, दाणे बोटाने चाळवले आणि 'एफएक्यू नाही' म्हणून पोत्यात टाकला. ओलावा मोजायचे मीटर टेबलावर तसेच पडून होते. आपला माल एक नंबरचा नाही, असे समजून तो मुकाट्याने ट्रॅक्टर घेऊन व्यापाऱ्याकडे गेला. काय कमी पडले, हे त्याने विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

खरे तर एफएक्यूचे निकष आकड्यांत ठरलेले असतात. सोयाबीनला ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो. 2024 च्या खरिपात केंद्र सरकारने तो 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतला होता. कापसाला 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी. नजरेने ठरवायची ही गोष्टच नव्हे.

रेशनच्या 'फेअर प्राइस शॉप'ला सरकारने 'रास्त भाव दुकान' म्हटले आणि ते पाटीवर लिहिले. अर्थ विचारायला कुणाला मास्तरांकडे जावे लागले नाही. तसाच फलक यंदाची खरेदी सुरू होण्याआधी प्रत्येक केंद्रावर लागावा : 'सर्वसाधारण बरा दर्जा' आणि खाली ओलावा, काडीकचरा, डागी दाणे यांच्या मर्यादा. माल परत पाठवताना कोणत्या निकषात किती फरक पडला, ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. आपल्या बाजारभावाच्या सदरातही नुसते 'एफएक्यू' न छापता त्याचा अर्थ द्यावा, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ