रेडिओसंच उलगडून सांगणारे मराठी लेखन हवे

महोदय,

हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओसंचावरून इतरांशी बोलण्याच्या, परवाना परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी फावल्या वेळात शिकवतो. ही परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येत असल्यामुळे त्यांत शाळकरी मुलेही असतात. प्रश्नसंच घोकून ती उत्तीर्ण होतात, पण ज्या संचावरून बोलण्याचा परवाना मिळाला त्याच्या आत नेमके काय घडते, हे विचारले की बहुतेक गप्प होतात. दोष त्यांचा नाही. ऐकणे आणि बोलणे या दोन्ही गोष्टी करणारा संच, म्हणजे ट्रान्सिव्हर, मुळापासून समजावून सांगणारे मराठी लेखन मला तरी त्यांच्या हाती देता आलेले नाही.

इंग्रजीत साहित्य भरपूर आहे, पण त्यातून वाट काढणे नवख्याला जड जाते. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेचा हँडबुक हा ग्रंथ १९२६ पासून निघतो आहे. संदर्भासाठी तो फारच चांगला. मात्र पहिल्या पानापासून वाचायला घेणाऱ्याचा उत्साह लवकरच मावळतो. आयआयटी आदी संस्थांच्या एनपीटीईएल या संकेतस्थळावरील प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत, पण ती पदवीचे गणित गृहीत धरतात. चित्रफिती तर असंख्य आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा कोणते बटण कशासाठी, एवढेच दाखवतात.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडला तो हैदराबादचे अशर फरहान यांनी वीसेक वर्षांपूर्वी रचलेला बिटएक्स-२० हा संच. त्याचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला आणि सुटे भाग असे निवडले, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरून ते जमवता यावेत. तारेची काही वेटोळी (कॉइल) तर चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची! यातील शिकण्याजोगी गोष्ट मात्र काटकसरीपेक्षा मोठी आहे. १४.२ मेगाहर्ट्झवरचा संकेत अँटेनातून येतो, संचातल्या ४.२ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरशी, म्हणजे ठरावीक कंपने निर्माण करणाऱ्या भागाशी, मिसळला की दोहोंतील फरकावर, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर उतरतो, तेथे क्रिस्टलच्या गाळणीतून (फिल्टरमधून) आजूबाजूचा गोंगाट वगळला जातो आणि पुन्हा एकदा मिसळणी होऊन कानाला ऐकू येणारा आवाज उरतो. बोलताना हाच प्रवास उलटा होतो: मायक्रोफोनमधला आवाज १० मेगाहर्ट्झवर चढतो, तेव्हा त्या आकड्याच्या वर आणि खाली अशा त्याच्या दोन बाजू तयार होतात, त्याच गाळणीतून त्यांतली एकच पुढे जाते आणि त्याच ४.२ मध्ये मिसळून १४.२ वर बाहेर पडते. आठवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, येताना आणि जाताना क्रिस्टल तेच कसे चालतात?" गाळणीला दिशा नसते, दिशा असते ती वर्धकांना (ॲम्प्लिफायरना), म्हणून फरहान यांनी वर्धकांच्या टप्प्यांत ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवले आणि ऐकताना एका बाजूला, बोलताना दुसऱ्या बाजूला वीज दिली. हे एकदा कळले की ट्रान्सिव्हर म्हणजे एका पेटीत कोंबलेले दोन संच, हा गैरसमज आपोआप जातो.

नवख्याने आधी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून फिरवून ऐकण्याची सवय करावी, मग ७ मेगाहर्ट्झवर ऐकण्यापुरता साधा संच बांधावा आणि त्यानंतर बिटएक्सकडे वळावे, असे मी सांगतो. प्रेषणाच्या भागाला अर्थातच परवाना हाती आल्यावरच हात लावावा.

मराठीतल्या परिभाषेचाही प्रश्न आहेच. फ्रिक्वेन्सीला शालेय पुस्तकात 'वारंवारता' म्हणतात त्यालाच विश्वकोशात 'कंप्रता' म्हणतात, आणि मूल ते दोन वेगळे शब्द म्हणून पाठ करते. मला दोन्ही शब्द मान्य आहेत. लेखकाने सुरुवातीलाच एक निवडून दुसऱ्याची ओळख करून द्यावी, एवढेच. ऑसिलेटर, फिल्टर, क्रिस्टल हे शब्द तर तसेच राहू द्यावेत, कारण दुकानात भाग मागताना तेच लागतात.

आपल्या विज्ञान पुरवणीने बिटएक्सचा एकेक टप्पा घेऊन, आकृतीसह, दर आठवड्याला एक असे दहा-बारा लेख छापावेत, अशी माझी विनंती आहे. मराठी विज्ञान परिषदेनेही पुढे त्यांची पुस्तिका करण्याचा विचार करावा. आकृत्या काढून देण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपला विश्वासू,
एक हौशी रेडिओचालक, सातारा