हळू चाललात, म्हणून आभार

आदरणीय दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते आहे.

कालव्यात होडी बंद पडली तेव्हा मी आणि आई दोघीच होतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची चिळकांडी त्याच्या बाजूने उडते, ती थांबल्याचं मला उशिरा दिसलं. तोवर इंजिन तापून गप्प झालं होतं. (नंतर उघडलं तेव्हा पंपातल्या रबरी चक्रीची पाती तुटलेली निघाली.) वल्हं एकच, वारा होडीला काठच्या झुडपांत ढकलतोय, आणि आईला पोहता येत नाही. दोन बोटी हात हलवून पुढे गेल्या. तुम्ही थांबलात.

आल्या आल्या तुम्ही दोर फेकाल असं वाटलं होतं. पण तुम्ही आधी विचारलंत, "आजी बऱ्या आहेत ना? जॅकेट घट्ट आहे?" मग तिला पुढून उठवून मागे बसवलंत. पुढे वजन असलं की ओढताना होडीचं तोंड दबतं आणि ती नागमोडी पळायला लागते, हेही तिला शांतपणे समजावलंत. तिची भीती तिथेच निम्मी झाली. कारण समजलं की आई घाबरत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?

दोर एकाच बाजूच्या कडीला बांधू दिला नाहीत. दोन्ही बाजूंना अडकवून ओढ मधोमध आणलीत. ताण असतानाही सुटेल अशी गाठ माझ्याकडून दोनदा बांधून घेतलीत आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, तुटला तर चाबकासारखा येतो, असं बजावलंत. मी इंजिन वर उचलायला गेले तर म्हणालात, "राहू द्या पाण्यातच, सरळ धरा. आता तेच तुमचं सुकाणू."

आणि मग तुम्ही काठाने चालणाऱ्या माणसाच्या चालीने निघालात. अंधार पडत आला होता, तुम्हालाही घरी पोचायचं होतं. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच जाणवलं की एकदाही हिसका बसला नाही. वळणावर तुम्ही दर वेळी मागे वळून माझ्याकडे बघत होतात.

अरुंद पुलाअलीकडे थांबताना गती हळूहळू उतरवलीत, कारण मागच्या होडीला ब्रेक नसतो, ती सरकतच राहते. सैल पडलेला दोर पंख्यात जाऊ नये म्हणून लगेच ओढून घेतलात. मग आमची होडी तुमच्या बोटीच्या कुशीला बांधलीत, तुमचा पंखा आमच्या होडीच्या मागे राहील अशा बेताने, आणि दोन्ही होड्या एकच असल्यासारख्या पुलाखालून गेल्या. तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो.

धक्क्यावर आम्हाला बांधलंत, पैसे घेतले नाहीत आणि निघालात. तुमचा तो निळा, तरंगणारा दोर आमच्याकडेच राहिला. धुऊन, सावलीत वाळवून, वेटोळं करून होडीत ठेवलाय. तुमची बोट पांढरी, हिरव्या पट्ट्याची. कालव्यात गेले की आधी तीच शोधते. होडीत त्या दोराशेजारी आता सुटी रबरी चक्री असते, आणि दुसरं वल्हंही.

तुमची ऋणी,
त्या संध्याकाळच्या होडीतली