घाट चढायचाच, तर बाळ पोटात असताना

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातली निवृत्त परिचारिका. नोकरीचा बराच काळ नवजात कक्षात गेला, म्हणून हे लिहिते आहे.

२८-३० आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, पोकळ्यांना लागून, जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा मऊ थर असतो. त्यातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक. साधारण ३४व्या आठवड्यापर्यंत हा थर विरत जातो, पण ही बाळं त्याआधीच बाहेर आलेली असतात. शिवाय रक्तदाब खालीवर झाला तरी मेंदूचा रक्तपुरवठा सारखा ठेवण्याची ताकद त्यांच्यात आलेली नसते. दाब पडला की मेंदूला रक्त कमी, चढला की वाहिनी फुटते. श्वासाची पिशवी जरा जोरात दाबून रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला, तरी मेंदूकडचा प्रवाह आटतो. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांतच होतात.

आणि त्याच तासांत आपण बाळाला गाडीत घालून करूळच्या नाहीतर फोंड्याच्या घाटाने कोल्हापूरला धाडतो, किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात. पावसात दरड आली की अर्ध्या वाटेतून माघारी. एका हाताने नळी सांभाळत त्या वळणांवर पिशवी दाबून बघा, म्हणजे कळेल.

साहेब, ३२ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर जमेल तिथे आईलाच आधी हलवा. डेक्सामेथासोन इंजेक्शनचा पहिला डोस आईला उपकेंद्रातच मिळू दे. उपकेंद्रातल्या परिचारिकेला, म्हणजे एएनएमला, ती मुभा केंद्राने २०१४ सालीच दिली आहे. हे इंजेक्शन बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून ओळखलं जातं, पण मेंदूतला रक्तस्रावही त्याने कमी होतो. १०८ची गाडी निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात खाट पक्की झालेली असावी. दारोदार फिरवणं नको.

नवजात कक्षात पेटीशेजारी सोनोग्राफीही हवी. टाळू उघडी असते, तिथून मेंदू दिसतो, त्यातल्या डॉपलर तपासणीने रक्ताचा प्रवाहही कळतो. बाळाला जागचं हलवावं लागत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा हवाच, पण त्याखालच्या नोंदणीच्या फायलीत हे यंत्र अडकू नये.

बाळ घरी गेल्यावर त्याचे पाय ताठ वाटतात का, नजर फिरते का, हे पुढे कित्येक महिने पाहावं लागतं. हापूसच्या हंगामात मजुरी बुडवून देवगडहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला कोण येणार? निदान एसटीचं भाडं तरी द्या.

पावसाळ्याआधीच्या बैठकीत दरडींचा विषय निघतोच. कुठला घाट बंद असताना कळा आलेल्या आईला कुठे न्यायचं, ते त्याच बैठकीत ठरवून प्रत्येक उपकेंद्राला लेखी कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सिंधुदुर्ग