फुग

कुरुंदवाड,
14 ऑगस्ट

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. "तिकडं चक्क ऊन पडलंय म्हणतोस, मग पूर कसला?" लेका, चार वर्षं वसतिगृहात माझ्या खोलीत राहिलास, दर पावसाळ्यात घरी फोन लावायची माझी घालमेल पाहिलीस, आणि आता नागपुरात बसून हे विचारतोस?

आमच्या डोक्यावर किती पाऊस पडतो यावर आमचा पूर ठरतच नाही. आमच्या शिरोळ तालुक्यात वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पडला तरी लोक खूश असतात. गगनबावड्यात तो पाच हजारांच्या पुढं जातो. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. तिकडचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती घेऊन येतात, कोल्हापूरच्या वर प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. पाचवी सरस्वती, ती गुप्त. कुंभीला मिळणारी धामणी डोळ्यांना धडधडीत दिसते, पण तिला मोजणीत घेतलेलं नाही. न दिसणारीला मात्र मान! आमच्या आजीपुढं हे बोललो होतो, तेव्हा दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

प्रयागपासून इथपर्यंत नदीला उतार असा नाहीच. इचलकरंजीवरून नागमोडी वळणं घेत ती रेंगाळत येते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. खरी गोम इथं आहे. कृष्णा काही मोकळ्या हातानं आलेली नसते. कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, अशा सगळ्यांचं घेऊन ती आधीच तुडुंब असते. मग पंचगंगेला पुढं शिरायला जागा कुठली? ती थांबते, मागं दाटते, शेतात पसरते. यालाच आम्ही फुग म्हणतो.

ही फुग ओळखायला सरकारी आकडा लागत नाही. परवा सकाळी आमच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या शेताच्या, बांधावर उभा होतो. आदल्या दिवशी केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे, हिरवे तुकडे झपाझप वाडीकडं चालले होते. परवा ते जागच्या जागी उभे. एक तुकडा, त्यावर बगळा बसलेला, सावकाश फिरला आणि चक्क कोल्हापूरच्या दिशेनं दोन हात मागं सरकला. शेजारचे तात्या एवढंच म्हणाले, "किस्नाबाई अडली. जनावरं हलवा." संध्याकाळपर्यंत ऊस शेंड्याएवढाच दिसत होता. आभाळ निळंशार.

2019 ला हेच झालं होतं, फक्त कैक पटीनं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोक्याची पातळी, पाणी गेलं 55 फूट 7 इंचांवर. आमच्या सोप्याच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे. बाबा तिथं रंग लावू देत नाहीत. तेव्हा एका कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं होतं, "पाऊस थांबलाय, घाबरू नका." आम्ही ऐकलं, आणि दोन म्हशी गमावल्या. त्यानंतर मी आभाळाकडं बघून काही ठरवत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयनेतून किती सोडलं आणि वाडीला पाणी कुठवर चढलं, एवढंच विचारतो.

वाडीचं आणखी एक. पाणी दत्ताच्या देवळाच्या उत्तरदारातून आत येऊन पादुकांवरून दक्षिणदारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून लोक येतात. आई परवा पहाटेच जाऊन आली. इकडं गोठा रिकामा करायची धांदल, तिकडं तिचा ओला पदर आणि तोंडभर हसू. मी काय बोलणार?

म्हशी सध्या चुलत्यांच्या माळावरच्या वस्तीवर आहेत. बांधात काठी रोवलीय, तिच्यावर खडूच्या खुणा. आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो: दुपारपासून चार बोटं उतरलंय, आणि केंदाळ वाडीच्या दिशेनं निघालंय, अगदी हळू.

वहिनींना नमस्कार. उन्हाळ्यात बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, पाणी संथ असतं, तेव्हा ये. प्रयागपासून काठाकाठानं चालू. जुने बूट आण, मळीत रुततात.

तुझा,
बाळ्या